‘कल्याण’ शोधलं की ठाणे जिल्हा येतो

गेल्या दिवाळीत बसवकल्याणला मामांकडे गेले होते. फराळाचं ताट पुढ्यात ठेवून मामेभाऊ शेजारी बसला आणि मामींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "अक्का, तू कॉम्प्युटरवाली आहेस ना? आमची वेबसाइट एकदा बघ की. वर्ष होत आलं, तिच्यावरून एक फोन येईना."

मामांच्या जुन्या वाड्यातल्या चार खोल्या त्याने नीट करून घेतल्यात. न्हाणीघरं नवी बांधलीत, कर्जावर एक गाडी घेतलीय. यात्रेला, किल्ला बघायला येणाऱ्यांनी मुक्काम करावा, गाडीने फिरावं, मामींच्या हातचं जेवावं, असा सगळा बेत. ओळखीतून येणारे चार-दोन लोक सोडले तर खोल्यांना कुलूप. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला चुकत नाही.

मी फोनवरच वेबसाइट उघडली. एका मोठ्या शहरातल्या कुणीतरी ती बनवून दिली होती आणि महिन्याला ‘इतक्या कीवर्डचे इतके’ असा हिशेब लावला होता. यादी त्रेचाळीस शब्दांची. बेस्ट हॉटेल इन कर्नाटक, हम्पी टूर, बिदर किल्ला, हनिमून पॅकेज, स्वस्त लॉज, कल्याण, कल्याणी, कल्याण हॉटेल… हम्पी इथून तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. हनिमूनला आलेल्या जोडप्याला मामींनी सकाळी सहाला चहासाठी हाक मारली असती, ते वेगळंच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असा एखादा काका, आत्या किंवा भाऊ असेल. कुणाचं मसाल्याचं दुकान, कुणाचे क्लास, कुणाचा दवाखाना. वेबसाइट आहे, पण गूगलला ती सापडत नाही. दुखणं बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या गावाची अडचण तर नावापासूनच सुरू होते. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने मान्यखेटहून राजधानी इथे आणली, तेव्हा याचं नाव कल्याण किंवा कल्याणी. सहावा विक्रमादित्य १०७६ मध्ये गादीवर आला. त्याच्याच दरबारात बिल्हण होता आणि विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, जिच्यावर पुढे देशाच्या बहुतेक भागातला हिंदू वारसाहक्काचा कायदा उभा राहिला. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांचा अनुभव मंटप याच गावातला. आजच्या नावातला ‘बसव’ त्यांचाच. एवढं मोठं गाव, पण शोधाच्या पेटीत नुसतं ‘कल्याण’ टाका, ठाणे जिल्ह्यातलं स्टेशन येतं, लोकलचं वेळापत्रक येतं, दागिन्यांची दुकानं येतात. ‘कल्याणी’ टाकलं तर पश्चिम बंगालमधलं शहर, पुण्यातलं कल्याणीनगर आणि आमच्या हैदराबादची कल्याणी बिर्याणी. ती बिर्याणी खरं तर इथल्याच नवाबांच्या नावाने ओळखली जाते, पण त्या ताटावरून कुणी बसवकल्याणला पोचत नाही. भर म्हणून २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटक भागाचं नाव ‘कल्याण कर्नाटक’ झालं. म्हणजे सरकारी योजनांच्या बातम्याही त्याच रांगेत.

गूगल काय करतं? तोच शब्द टाकणाऱ्या बहुतेकांना काय हवं असतं, याचा अंदाज बांधतं. ‘कल्याण’ म्हणणाऱ्या लाखोंना लोकल हवी आहे. तिथे आमच्या वाड्याच्या चार खोल्या रांगेत उभ्या करणं म्हणजे दादर स्टेशनवर संध्याकाळी सहाला "मामा" अशी हाक मारण्यासारखं आहे. शंभर जण वळून बघतील, आपला मामा सोडून.

भावाचे पैसे आणखी एका ठिकाणी वाया गेले होते. त्रेचाळीसपैकी बरेचसे शब्द पानाच्या आतल्या, वाचकाला न दिसणाऱ्या कीवर्डच्या रकान्यात भरलेले. त्या रकान्याला आपण क्रमवारीत किंमत देत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. उरलेले शब्द दिसणाऱ्या मजकुरात कोंबलेले. एका परिच्छेदात ‘बसवकल्याण हॉटेल’ नऊ वेळा मोजलं मी! असं कोंबणं गूगलच्या नियमांत स्पॅम धरलं जातं. शिवाय ‘बसवकल्याण लॉज’, ‘बसवकल्याण रूम’, ‘बसवकल्याण स्टे’ अशी एकाच मजकुराची वेगवेगळी पानं. ती सगळी आपसातच भांडत होती. यातलं कोणतं पान दाखवावं, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कसं कळणार?

मी म्हटलं, "त्रेचाळीसचे तीन करू."

तो उडालाच. "तीन? अक्का, पैसे त्रेचाळीसचे भरलेत!"

कोणते तीन, हे ठरवायला दोन दिवस गेले, आणि खरं काम तेवढंच होतं. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे. आपली वेबसाइट कोणत्या शोधात दिसली, किती जणांनी टिचकी मारली, सरासरी कितव्या जागी होती, हे सगळं ते मागच्या सोळा महिन्यांपर्यंत दाखवतं. आमच्या यादीत हम्पीच्या शोधात वेबसाइट कुठेतरी दहाव्या पानावर दिसली होती आणि टिचक्या शून्य. पण तळाशी चार-पाच विचित्र ओळी होत्या: माणिकनगर जवळ मुक्काम, गाणगापूरहून बसवकल्याण कसं जायचं. त्या आम्ही कुठेच नीट लिहिलेल्या नव्हत्या, तरी कुणीतरी त्या शब्दांवरून दारापर्यंत आलं होतं आणि आत काहीच नाही म्हणून परत गेलं होतं.

मग मामींना विचारलं. घरचा फोन त्याच उचलतात. त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "लोकं पहिलं हेच विचारतेत बघ, गाणगापूर करून आलो तर रात्री पोचू का? माणिकप्रभूला सकाळी जाता येईल का? आन् गरम पाणी हाय का?"

सगळं उत्तर तिथेच होतं. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात. सीमा पडली, पण सोयरिकी आणि यात्रा थांबल्या नाहीत. लातूर, सोलापूरकडची मंडळी आजही गाणगापूरचं दत्तदर्शन आणि हुमनाबादजवळचं माणिकनगर एकाच फेरीत करतात. बसवकल्याण त्या वाटेच्या जवळ आहे. भावाचं गिऱ्हाईक हे आहे, हम्पीचा परदेशी पाहुणा नव्हे.

तर आम्ही तीन गोष्टी धरल्या: बसवकल्याणात घरगुती मुक्काम, गाणगापूर–माणिकनगर–बसवकल्याण अशी गाडीने दोन दिवसांची फेरी, आणि बसवकल्याण एका दिवसात कसं बघावं. एकेका गोष्टीला एकच पान. कीवर्ड मोजण्याची साधनं बघितली तर या शब्दांचे शोध महिन्याला अगदी थोडे. भावाचा चेहरा पडला. पण चार खोल्या भरायला लाख माणसं लागत नाहीत. जे शोधतात त्यांना नेमकं हेच हवं असतं, आणि त्यांच्यापुढे उत्तर म्हणून दुसरं फारसं कुणी नसतं.

मग त्या पानांवर खरंखुरं लिहायला बसलो. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर सस्तापूर बंगल्याला उतरून गावात कसं यायचं. किल्ला, अनुभव मंटप, त्रिपुरांत तळं आणि जवळच नारायणपूरचं चालुक्यकालीन शिवमंदिर, हे कोणत्या क्रमाने बघितलं तर उन्हात पाय भाजणार नाहीत. नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली, तेही लिहिलं. जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, भरली वांगी. आणि मामींच्या आग्रहावरून ठळक अक्षरांत: पहाटे पाचपासून गरम पाणी.

एक चूक माझीही झाली. मी सगळं फक्त देवनागरीत लिहिलं. शोधणारी बरीच मंडळी मराठीच, पण फोनवर टाइप करतात रोमन अक्षरांत, कुणी गावाचं नाव जोडून, कुणी तोडून. शीर्षकात आणि पत्त्यात रोमन नाव एकदा घातलं, झालं. प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळं पान करायचा मोह टाळला. आणि एक सांगते, आपली वेबसाइट कितवी येते हे आपल्याच घरी बसून तपासू नका. गूगल जागा बघून उत्तरं बदलतं. मी लातूरच्या आणि पुण्याच्या बहिणींना शोधायला सांगितलं.

दीड महिन्याने भावाचा घाबरा फोन. "अक्का, आलेख खाली आला! वेबसाइट कमी दिसायली." खरंच कमी दिसत होती. हम्पी आणि हनिमूनच्या शोधांत दहाव्या पानावर दिसणं बंद झालं होतं, त्यामुळे आकडा पडला. मी त्याला म्हटलं, तो आलेख मिटव आणि मामींना विचार, फोन किती आले. मामींनी कॅलेंडरवर रेघा मारून ठेवल्या होत्या. त्या वाढत होत्या.

नुसतं ‘बसवकल्याण हॉटेल’ शोधलं तर अजूनही बुकिंगच्या मोठ्या कंपन्याच वर आहेत, आणि बहुधा राहतील. पण माणिकनगरच्या मुक्कामाचं विचारलं की आमचं पान पहिल्या काहींत येतं. दत्तजयंतीला चारही खोल्या गेल्या, त्या महिन्याचा हप्ता गाडीनेच भरला. आता त्याला कन्नडमध्येही पान हवंय आणि ‘हम्पी फक्त एकदा’ परत घालायचंय. पहिल्याला मी हो म्हटलंय. दुसऱ्यावरून आमचं भांडण चालू आहे.

परवा लातूरहून कुणी काकूंनी मामींना फोन केला. वेळ ठरली, माणसं ठरली, गरम पाण्याचंही झालं. ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पण हे लोकलवालं कल्याण नव्हं ना?"