इंटर्नला काम द्या, पण सोबत माणूसही द्या

परवा एमबीएची एक विद्यार्थिनी भेटली. समर इंटर्नशिपचे तीन आठवडे उलटले होते आणि हातात फक्त एक्सेल शीट आणि ग्राहकांसाठीची एक प्रश्नावली. "सर, मला नक्की काय करायचंय तेच कुणी सांगितलं नाही."

मी तिला शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधल्या एका किराणा दुकानात घेऊन गेलो. तासभर गल्ल्याजवळ उभं राहायचं, गिऱ्हाईक काय शब्दांत मागतं तेवढं लिहायचं. "ती हिरवी पुडी द्या", "मागच्या वेळचा साबण द्या". ब्रँडचं नाव फार थोड्यांनी घेतलं. तिच्या प्रश्नावलीत मात्र सगळी नावंच होती! तिथेच बसून तिने ती बदलली.

एमबीएची इंटर्नशिप साधारण आठ आठवड्यांची, म्हणजे पहिले दहा दिवस फार मोलाचे. प्रोजेक्ट कशासाठी आहे, आकडे कोण देणार, अहवाल कोण वाचणार, हे पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या. मेंटॉरकडे दर आठवड्याला अर्धा तास मागा. मागायला अजिबात लाजू नका.

आणि मेंटॉर मंडळींनो, मुलांचा पहिला मसुदा लाल पेनाने भरून टाकण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर बाजारात चला.

प्रोजेक्टमध्ये कुठे अडलात? कमेंटमध्ये विचारा, रात्री निवांत उत्तर देतो.