समजून घ्या : १८ गाड्यांच्या अल्फापेक्षा ३६ गाड्यांची फेरारी महाग का?

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘जितकी दुर्मीळ, तितकी महाग’ असं सर्रास मानलं जातं. साठच्या दशकातल्या दोन इटालियन स्पोर्ट्‌स कार मात्र हे गणित खोटं ठरवतात.

फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात बनली. एकूण गाड्या ३६. चार लिटर इंजिनाच्या तीन धरल्या तर ३९. अल्फा रोमिओ ३३ स्त्रादाले १९६७ ते १९६९ दरम्यान बनली, तीही फक्त १८. तरीही भाव जीटीओचाच चढा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपयांना विकली गेली.

यंत्र कोणाचं सरस?

जीटीओचं इंजिन पुढे आहे : तीन लिटर, १२ सिलिंडर, सुमारे ३०० अश्वशक्ती. स्त्रादालेचं इंजिन चालकाच्या मागे : दोन लिटर, आठ सिलिंडर, सुमारे २३० अश्वशक्ती. पण तिचं वजन जेमतेम ७०० किलो. इंजिन मागे असल्याने वजनाचा तोल सांभाळला जातो. रचनेच्या बाबतीत अल्फा काळाच्या पुढे होती. वर उघडणारे तिचे दरवाजे नंतर अनेक सुपरकारमध्ये दिसले.

मग फेरारी महाग का?

कारण तिचा शर्यतींमधला इतिहास. तीन सलग वर्षं, १९६२ ते १९६४, जीटीओने फेरारीला दोन लिटरवरील गटाचं जागतिक जीटी विजेतेपद मिळवून दिलं. कोणती गाडी कुठे धावली, कोणी चालवली, नंतर कोणाकडे गेली, याच्या नोंदी गाडीगणिक सापडतात. शिवाय अधूनमधून एखादी जीटीओ जाहीर लिलावात येते आणि भावाचा नवा आकडा सर्वांना कळतो.

स्त्रादालेचं तसं नाही. ती अल्फाच्या टिपो ३३ या शर्यतीच्या गाडीवरून रस्त्यासाठी बनवलेली. शर्यती जिंकल्या त्या टिपो ३३ ने. स्त्रादालेच्या वाट्याला आलं ते फ्रँको स्कालिओने यांनी रेखाटलेलं देखणं रूप. त्यातच ती बाजारात क्वचितच येते. व्यवहारच होत नसतील, तर भाव ठरणार कशावरून?

संग्राहक काय तपासतात?

सर्वांत आधी चॅसी क्रमांक. मग इंजिन आणि गिअरबॉक्स मूळचेच आहेत का, अपघातानंतर बॉडी बदलली का, मालकांची साखळी कुठे तुटते का, हे पाहिलं जातं. या दोन्ही गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनल्या आहेत. त्यामुळे कागदपत्रांत एक दुवा जरी निसटला, तरी किंमत कोट्यवधींनी घसरू शकते.

थोडक्यात, संख्या कमी असल्याने गाडीकडे लक्ष वेधलं जातं, पण भाव ठरतो तो पुराव्यानिशी सांगता येणाऱ्या इतिहासावर.