मोटारीच्या एक्सलचे रबरी बूट : वेळीच बदला, एक्सल वाचवा

कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकरी भाताच्या मागून वाल, भेंडी, काकडी अशी पिके घेतात. हा माल पहाटे कर्जत, पनवेल किंवा कल्याणच्या बाजारात पोहोचवावा लागतो. त्यासाठी अनेक घरांनी जुनी लहान मोटार घेतलेली असते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायलाही तीच उपयोगी पडते. अशी मोटार ऐन आवणीच्या दिवसांत बंद पडली तर मोठी अडचण होते. पुढील एक्सलचा बिघाड हे त्याचे एक कारण असून त्याची सुरुवात बहुधा फाटलेल्या रबरी बुटापासून होते. बूट काही शे रुपयांत मिळतो, एक्सलला मात्र काही हजार रुपये मोजावे लागतात.

बुटाचे काम काय?

मारुती ८०० (उत्पादन १९८३ ते २०१४), अल्टो यांसारख्या मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. हीच चाके डावी-उजवीकडे वळतात आणि खड्ड्यात खाली-वर होतात. तरीही ती एकसारख्या गतीने फिरली पाहिजेत. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टला असणारा साधा क्रॉस जास्त कोनात वळला की शाफ्ट हिसके देतो, हे आपण पाहतो. तसे होऊ नये म्हणून या एक्सलला दोन्ही टोकांस खास सांधे असतात. त्यांना सी.व्ही. जॉइंट म्हणतात. चाकाकडील सांध्यात साधारणतः सहा पोलादी गोळ्या असतात, तर गिअरबॉक्सकडील सांध्यात अनेकदा तीन रोलर असतात. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या मिनी मोटारीपासून अशा सांध्यांचा लहान मोटारींत मोठ्या प्रमाणावर वापर सुरू झाला.

सांध्यावर घड्या असलेले रबरी आवरण असते. तोच बूट. तो आतील ग्रीस धरून ठेवतो आणि चिखल-पाणी बाहेर ठेवतो. बूट फाटला की फिरत्या एक्सलमुळे ग्रीस बाहेर फेकले जाते आणि मुरमाची बारीक वाळू आत शिरते. मग गोळ्या व खाचा घासल्या जातात. पावसाळ्यात हे नुकसान फार लवकर होते.

तपासणी केव्हा व कशी करावी?

राब भाजून झाल्यावर आणि पेरणीपूर्वी थोडी सवड असते. त्या वेळी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा तपासणी करावी. स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवावे, इंजिन बंद करून चाकामागे पाहावे. बुटाच्या घड्या बोटांनी उघडून भेगा पाहाव्यात, कारण भेग घडीच्या तळाशी लपलेली असते. चाकाच्या आतील बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसल्यास बूट फाटला असे समजावे. एक्सलला गुंडाळलेली सुतळी, तार किंवा पेंढा लगेच काढावा.

वळताना चाकाकडून कट-कट आवाज येत असेल, तर बाहेरचा सांधा झिजलेला असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी केवळ बूट बदलून भागत नाही, पूर्ण एक्सल बदलावा. आवाज नसेल व ग्रीस स्वच्छ असेल, तर बूट बदलणे पुरेसे होते.

लागणारे साहित्य

बूट संच (बूट, क्लिपा व ग्रीस) किंवा त्याच मॉडेलचा व त्याच बाजूचा एक्सल, एक्सलच्या नटाचा सॉकेट व लांब दांडा, टॉर्क पाना, जॅक, दोन मजबूत स्टँड, लाकडी ठोकळे, सर्कलिप पक्कड, रॉकेल, नवीन स्प्लिट पिन व गिअर ऑइल. हे साहित्य व पान्यांचा सराव नसेल, तर काम गॅरेजमध्ये करून घ्यावे.

सुरक्षितता

गाडी सपाट व टणक जागी लावावी. ओली माती, सारवलेले खळे किंवा उताराचे अंगण यांवर जॅक लावू नये. हँडब्रेक ओढून मागील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

कामाचा क्रम

१) चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट व चाकाचे नट सैल करावेत. नंतर गाडी उचलून स्टँडवर ठेवावी व चाक काढावे.

२) गिअर ऑइल भांड्यात काढून घ्यावे, कारण एक्सल काढताच ते बाहेर येते. हे तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

३) खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढावा. ब्रेकच्या नळीवर ताण येऊ देऊ नये. एक्सलचे टोक हबमधून मागे ढकलावे. ते अडकल्यास नट दोन-चार आटे लावून लाकडाच्या आधाराने ठोकावे, म्हणजे आटे बिघडत नाहीत.

४) गिअरबॉक्सकडील सांधा लहान पहारीने उचकटावा. ऑइल सीलला पहार लागू देऊ नये. एक्सल शाफ्टला धरून ओढू नये, नाहीतर आतला सांधा निखळतो. दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी काढू नयेत.

५) बूट बदलायचा असल्यास आतील सांधा उघडण्यापूर्वी सर्व भागांवर खुणा कराव्यात. सर्कलिप काढून रोलरचा भाग उतरवावा. अनेक गाड्यांत चाकाकडील सांधा उतरवता येत नाही, म्हणून त्याचा बूटही आतल्या टोकाकडून घालतात. सांधे रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवावेत. गोळ्यांवर किंवा खाचांत खड्डे दिसल्यास एक्सलच बदलावा.

६) संचासोबत आलेले ग्रीस पूर्ण भरावे. साधे चेसिस ग्रीस वापरू नये. बुटाला पीळ पडू न देता, आत कोंडलेली हवा सोडून क्लिपा घट्ट कराव्यात.

७) सीलच्या ओठाला थोडे ग्रीस लावून एक्सल सरळ आत ढकलावा. लॉक बसल्याचे जाणवले पाहिजे. सांध्याचे धातूचे अंग हलके ओढून तो निसटत नाही याची खात्री करावी.

८) बॉल जॉइंट व चाक बसवून गाडी खाली घ्यावी. एक्सलचा नट कंपनीच्या पुस्तकातील मापाने आवळावा व नवीन स्प्लिट पिन घालावी. काही गाड्यांत पिन नसते. नटाची कडा खाचेत ठोकलेली असते. तेथे नवीन नटच वापरावा. शेवटी गिअर ऑइल योग्य पातळीपर्यंत भरावे.

एक्सल काढलेला असताना गाडी चाकांवर ढकलू नये, हबचे बेअरिंग खराब होते. काम झाल्यावर मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंस पूर्ण वळण घेऊन आवाज ऐकावा. ऑइल गळत नाही हे पाहावे आणि दुसऱ्या दिवशी चाकाचे नट पुन्हा तपासावेत.

नांगराचा फाळ किंवा पंपाचे पॅकिंग आपण हंगामापूर्वी पाहून घेतो. मोटारीचे बूटही त्याच वेळी पाहावेत. चार बुटांची पाहणी पंधरा मिनिटांत होते आणि ऐन पावसातील खोळंबा व मोठा खर्च दोन्ही टळतात.