श्रेणीबद्ध टॅग (कार्ययादी)

श्रेणीबद्ध टॅग ही संगणकावरील कामांच्या यादीचे वर्गीकरण करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत यादीतील प्रत्येक कामाला एक किंवा अधिक टॅग, म्हणजेच खूणपताका, जोडतात आणि त्या टॅगांमध्ये व्यापक व विशिष्ट असे नाते ठरवून देतात. त्यामुळे 'अभिलेखागार' असा विशिष्ट टॅग असलेले काम 'संशोधन' या व्यापक टॅगाचा शोध घेतल्यावरही सापडते. अशी यादी बहुधा टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर-संपादकात, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली जाते. ईमॅक्स या संपादकातील ऑर्ग मोड हे या पद्धतीचे एक परिचित उदाहरण आहे.

## पार्श्वभूमी

मोठ्या संख्येच्या नोंदी हव्या तेव्हा सापडाव्यात, हा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. पुण्यातील डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृत भाषेच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील बृहद्कोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांचे संदर्भ टिपण्यात आले आणि सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांचा संग्रह उभा राहिला. अशा संग्रहाची उपयुक्तता चिठ्ठ्यांच्या संख्येइतकीच त्यांच्या मांडणीवर अवलंबून असते. कागदी चिठ्ठी एका वेळी एकाच खणात राहू शकते. ती दुसऱ्या विषयाखालीही सापडायला हवी असेल, तर तिची प्रत काढावी लागते किंवा तिकडे निर्देश करणारी आणखी एक चिठ्ठी ठेवावी लागते.

ग्रंथालयशास्त्रालाही हीच अडचण होती. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ सालच्या दशमान वर्गीकरणात प्रत्येक पुस्तकाला विषयवृक्षातील एक जागा मिळते. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे स्थळ, काळ इत्यादी पैलू स्वतंत्रपणे नोंदवून ते एकत्र जोडण्याची सोय केली. कामांच्या यादीतील टॅग या दुसऱ्या विचाराला जवळचे आहेत, कारण एकाच कामाला प्रकाराचा, ठिकाणाचा आणि प्रकल्पाचा असे निरनिराळे टॅग लावता येतात. श्रेणीबद्ध टॅगांत याच्या जोडीला पहिल्या विचारातील विषयवृक्षही येतो.

डेव्हिड ॲलन यांच्या २००१ सालच्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकामुळे कामे स्थळ व साधन यांनुसार गटांत वाटण्याची पद्धत लोकप्रिय झाली. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ साली ऑर्ग मोड तयार केला. जिना ट्रपानी यांनी २००६ साली मांडलेल्या टूडू डॉट टीएक्सटी या स्वरूपात अधिक चिन्हाने प्रकल्प आणि ॲट चिन्हाने परिस्थिती दाखवतात, मात्र त्यात टॅगांची उतरंड नाही.

## रचनेच्या पद्धती

साध्या मजकुरात उतरंड तीन प्रकारे दाखवता येते.

'''आराखड्यातून वारसा''' – ऑर्ग मोडमध्ये ओळीच्या आरंभी तारकाचिन्हे देऊन मथळा व उपमथळे तयार होतात आणि ओळीच्या शेवटी द्विबिंदूंमध्ये टॅग लिहितात. वरच्या मथळ्याचा टॅग त्याखालील सर्व उपमथळ्यांना आपोआप लागू होतो. येथे नाते कामांच्या मांडणीतून येते. काम दुसऱ्या मथळ्याखाली हलवले की वारसाही बदलतो.

'''टॅगांचे गट''' – फाइलीच्या आरंभी चौकोनी कंसात व्यापक टॅग, द्विबिंदू आणि त्यातील विशिष्ट टॅग असा क्रम एकदाच घोषित करतात. एका गटाचा सदस्य स्वतः दुसऱ्या गटाचा प्रमुख असू शकतो, त्यामुळे अनेक पातळ्यांची उतरंड तयार होते. येथे काम कोणत्या मथळ्याखाली आहे याला महत्त्व नसते.

'''तिरप्या रेघेचे टॅग''' – ऑब्सिडियनसारख्या संपादकांत 'संशोधन/अभिलेखागार' असा संपूर्ण मार्गच टॅगात लिहितात. 'संशोधन' असा टॅग शोधल्यास त्याखालील सर्व उपटॅगांच्या नोंदी मिळतात.

दुसऱ्या पद्धतीत उतरंड बदलायची असल्यास घोषणेची एकच ओळ बदलावी लागते, मात्र ती घोषणा न वाचणाऱ्या अन्य प्रोग्रॅमला नाते कळत नाही. तिसऱ्या पद्धतीत नाते प्रत्येक नोंदीतच उमटलेले असते. म्हणून फाइल कोठेही उघडली तरी ते वाचता येते, परंतु एखादी शाखा हलवायची झाल्यास ज्या नोंदींत तो टॅग आहे त्या सर्व बदलाव्या लागतात.

## उदाहरण

अठराव्या शतकात पेशवाईत कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत नळाने पाणी आणले गेले. या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याची ऑर्ग मोडमधील यादी पुढीलप्रमाणे असू शकते. (कामाची स्थिती दाखवणारे शब्द बदलता येत असल्याने येथे 'करणे' आणि 'झाले' हे शब्द घेतले आहेत.)

[ संशोधन : ग्रंथालय अभिलेखागार क्षेत्रभेट ]

\* करणे जुन्या नळयोजनेवरील प्रकल्प :पाणीपुरवठा:
\ झाले कात्रज तलावाची छायाचित्रे घेणे :क्षेत्रभेट:
\ करणे पेशवे दप्तरातील कागद पाहण्यासाठी अर्ज देणे :अभिलेखागार:
\ करणे भारत इतिहास संशोधक मंडळात संदर्भग्रंथ पाहणे :ग्रंथालय:सदाशिव_पेठ:
\ करणे उत्खनन अहवाल वाचणे :ग्रंथालय:डेक्कन_कॉलेज:
\ करणे नकाशाची प्रत काढून आणणे :डेक्कन_जिमखाना:

'पाणीपुरवठा' शोधल्यास मुख्य मथळा आणि वारशाने पाचही उपकामे मिळतात. 'संशोधन' हा टॅग एकाही कामावर लिहिलेला नाही, तरी तो शोधल्यावर गटाच्या घोषणेमुळे पहिली चार उपकामे मिळतात. नकाशाची प्रत काढण्याचे काम त्यात येत नाही.

शेवटच्या दोन कामांवरून विशिष्ट टॅगांची गरज स्पष्ट होते. पुण्यात नुसते 'डेक्कन' म्हटले की बहुधा मुठेकाठचा डेक्कन जिमखाना परिसर अभिप्रेत असतो, तर डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे. दोन्ही कामांवर 'डेक्कन' एवढाच टॅग असता, तर शहराच्या दोन बाजूंची कामे एका फेरीत होण्यासारखी दिसली असती. त्याऐवजी 'शिवाजीनगर' गटात डेक्कन_जिमखाना आणि 'येरवडा' गटात डेक्कन_कॉलेज ठेवून दोन्ही गट 'पुणे' या टॅगाखाली आणता येतात. मग एका परिसरातील कामे वेगळी काढता येतात आणि शहरातील सर्व कामेही एकत्र पाहता येतात.

## देवनागरीतील टॅग

मराठी टॅग करताना काही विशेष अडचणी येतात. संगणक टॅगाची तुलना अर्थावरून करत नाही, अक्षरांवरून करतो. त्यामुळे 'ग्रंथालय' आणि 'ग्रन्थालय' हे त्याच्या दृष्टीने दोन टॅग ठरतात. विभक्तिप्रत्यय लागून शब्दाचे रूप बदलत असल्याने 'शाळा' आणि 'शाळेत' यांचाही मेळ बसत नाही. म्हणून टॅग मूळ शब्दरूपात आणि बहुधा एकवचनात ठरवून घेतात. ऑर्ग मोड आणि ऑब्सिडियन या दोहोंत टॅगामध्ये मोकळी जागा चालत नाही. शब्दांमध्ये अधोरेषा घालतात.

अधिक फसवी अडचण 'ऱ्य' या जोडाक्षराची आहे. 'अपुऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडवर्ण वापरूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोधात एकाच रूपाच्या नोंदी येतात. दोन वेगळ्या कळफलकांवर लिहिलेल्या यादीत असे काम नजरेआड राहू शकते. यावर उपाय म्हणून मान्य टॅगांची यादी फाइलीच्या आरंभी ठेवून तिच्यातूनच टॅग निवडतात. ऑर्ग मोडमध्ये घोषित टॅग पूर्ण करून देण्याची सोय आहे.

## मर्यादा

श्रेणीबद्ध शोध एकाच दिशेने चालतो. विशिष्ट टॅगाचे काम व्यापक शोधात येते, परंतु केवळ 'संशोधन' असा टॅग असलेले काम 'अभिलेखागार' या शोधात येत नाही. घाईत व्यापक टॅग लावलेली कामे त्यामुळे बारीक शोधातून निसटतात. टॅग नसलेली कामे तर कोणत्याच टॅगशोधात येत नाहीत. म्हणून संपूर्ण यादी ठरावीक काळाने वाचणे आवश्यक ठरते.

उतरंडीच्या पातळ्या वाढल्या की योग्य टॅग निवडण्यातच वेळ जातो. ज्या टॅगाचा शोध कधी घेतला जात नाही, त्याचा वर्गीकरणाला उपयोग नसतो. टॅगावरून कामाची निकडही कळत नाही. अंतिम तारीख आणि प्राधान्य यांची नोंद वेगळी करावी लागते. या मर्यादा असल्या तरी फाइल साध्या मजकुराची असल्याने मूळ संपादक बंद पडला तरी कामे आणि त्यांवरील टॅग अन्य कोणत्याही संपादकात वाचता येतात.