कीर्तिमंदिरांतील अपरिचित नांवें

हॉकी म्हटलें कीं आपल्याकडील श्रोत्यांस मैदान व ध्यानचंद आठवतात. कॅनडा देशांत मात्र त्याच नांवाचा खेळ पायांत स्केट बांधून बर्फावर खेळतात. या खेळांतील थोरांचें कीर्तिमंदिर तेथें १९४३ सालीं स्थापन झालें. सध्यां तें टोरोंटो शहरांत आहे. त्यांतील आरंभींच्या काळचीं कित्येक नांवें खुद्द कॅनडांतील तरुणांसही अनोळखी वाटतात. मग त्यांस हा मान कां मिळाला?

पहिलें कारण हिशोबाचें आहे. आजचे विक्रम मुख्यतः नॅशनल हॉकी लीगच्या वह्यांवरून सांगतात. ही लीग १९१७ सालीं निघाली. पण स्टॅन्ले चषक १८९३ पासूनच दिला जात होता. मधल्या चोवीस वर्षांतील खेळाडू त्या वह्यांत कोठून सांपडणार? शिवाय तेव्हां एका पक्षांत सात गडी असत, चेंडूऐवजीं वापरली जाणारी चकती पुढें असलेल्या गड्याकडे देण्यास बंदी होती, आणि बहुधा तेच गडी पूर्ण साठ मिनिटें खेळत. सामनेही थोडे होत. अशांचे गोल आजच्या गोलांशीं ताडणें म्हणजे पायलीनें कापड मोजणें होय.

ऑटावाचा फ्रँक मॅक्गी एका डोळ्यानें अंध होता. १६ जानेवारी १९०५ रोजीं चषकाच्या सामन्यांत त्यानें एकट्यानें १४ गोल केले व ऑटावानें डॉसन सिटीस २३-२ असें हरविलें. १९१६ सालीं तो सोमच्या रणांगणावर पडला. हॉड स्टुअर्ट हा बचावाचा गडी. त्याची योग्यता आंकड्यांत मावणारी नव्हती. जून १९०७ मध्यें पाण्यांत सूर मारतांना तो दगावला. पुढील जानेवारींत त्याच्या कुटुंबाच्या साहाय्यार्थ मॉन्ट्रियल येथें नामवंत खेळाडूंचा सामना झाला. सोबत्यांनीं दिलेली ही साक्ष कोणत्याही कोष्टकाहून कमी मोलाची नाहीं.

मंदिराच्या नियमांत कौशल्याबरोबरच खिलाडूवृत्ति, शील व खेळाची सेवा यांचाही विचार सांगितला आहे. १९४५ सालीं पहिली निवड झाली तेव्हां या दोघांचीं नांवें तींत होतीं. त्यांचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें त्या वेळीं हयात होतीं. आणखी तीस वर्षें विलंब झाला असता, तर ती साक्ष बहुतेक लोपली असती. वही उघडण्यापूर्वीं जे खेळले त्यांचें ऋण वहींत नसलें, तरी फिटलें असें होत नाहीं.