जुन्या बीएमडब्ल्यूची टायमिंग चेन: काम घेण्याआधीचा हिशोब



गॅरेज टाकू पाहणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो. "सर, छोट्या गाड्यांच्या सर्व्हिसिंगमध्ये काही उरत नाही. जुन्या लक्झरी गाड्यांची कामं धरू का?" याचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर मी देत नाही. आज त्याऐवजी एकच काम घेऊ, त्यातलं चांगलं अवघड, आणि गाडी दारात आल्यापासून परत जाईपर्यंत पैसा कुठे येतो आणि कुठे गळतो ते बघू.

काम आहे बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनाच्या टायमिंग चेनचं. २ लिटरचं हे चार सिलिंडरचं इंजिन २००७ मध्ये आलं आणि ३२०डी, ५२०डी, एक्स१ अशा गाड्यांत बसलं. चेन्नईजवळचा बीएमडब्ल्यूचा कारखानाही २००७ मध्येच सुरू झाला, त्यामुळे आपल्याकडे हे इंजिन बरंच दिसतं. नवी घेताना ज्या गाडीने मालकाचा बँक बॅलन्स हलवला होता, ती आज तिसऱ्या-चौथ्या हाताला नव्या हॅचबॅकच्या पैशात मिळते. तुमचं गिऱ्हाईक इथूनच येतं. गाडी त्याने स्वस्तात घेतली, पण तिचे पार्ट स्वस्त झालेले नाहीत. हे त्याला माहीत नसतं आणि सांगायची वेळ तुमच्यावर येते.

आता चेनकडे वळू. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह कुठे असावेत, हा ताल टायमिंग चेन सांभाळते. बऱ्याच इंजिनांत ती पुढच्या बाजूला असते. एन४७ मध्ये ती मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. क्रँकशाफ्टवरून एक चेन हाय प्रेशर पंपाला फिरवते, पंपावरून दुसरी चेन कॅमशाफ्टकडे जाते, आणि ऑइल पंपाची चेन वेगळी. चेन सैल पडली, प्लॅस्टिकचे गाईड झिजले किंवा टेन्शनर थकला की मागून खरखर ऐकू यायला लागते. विशेषतः २०११ पर्यंतच्या इंजिनांतली ही झीज जगभरच्या मेकॅनिकना ठाऊक आहे. आवाजाकडे दुर्लक्ष झालं आणि चेन तुटली, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग ते चेनचं काम राहत नाही, इंजिनाचं होतं.

आणि चेनपर्यंत पोचायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, खालून ऑइल संप काढायचा, वरून हेड कव्हर काढायचं. अनेक जण सरळ इंजिनच बाहेर घेतात. दोन हजारांच्या आवाजासाठी लाखाच्या घरात काम, असं गिऱ्हाइकाला वाटतं. त्याचं चूक नाही.

आवाज ऐकण्याचे पैसे घ्या

इथे बहुतेक नवे गॅरेजवाले पहिल्याच दिवशी घसरतात. गाडी आली, मिस्त्रीने कान लावला, "चेनच आहे साहेब, खोलावं लागेल." निदान झालं दोन मिनिटांत, आणि फुकट. पण तसाच आवाज बेल्टच्या पुलीतून येऊ शकतो, फ्लायव्हीलमधून येऊ शकतो, इंजेक्टरचा असू शकतो. बाहेरचा बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवून बघा. आवाज गेला तर पुलीकडे बघा. स्टेथोस्कोप लावून पुढून मागे सरका. स्कॅनर लावून क्रँक आणि कॅमच्या मेळाचा काही फॉल्ट आहे का पाहा. ऑइल फिल्टर कापून त्यात प्लॅस्टिकचे तुकडे किंवा धातूचा चुरा आहे का बघा. या सगळ्याला अर्धा दिवस जातो.

तो अर्धा दिवस बिलात आलाच पाहिजे. "तपासणीचे इतके, काम इथेच केलं तर बिलातून वजा" असं आधी सांगितलं की खरं गिऱ्हाईक थांबतं आणि फुकट सल्ला घेऊन दुसरीकडे जाणारा निघून जातो. डॉक्टर तपासायची फी घेतो तेव्हा कोणी रागावत नाही. आपल्या मिस्त्री लोकांना मात्र ती मागायची लाज वाटते, का कोण जाणे.

चेन तुटूनच गाडी टोइंग होऊन आली असेल तर आणखी एक गोष्ट: "एकदा सेल्फ मारून बघू" हा मोह कोणालाही होऊ देऊ नका.

रॅम्पचं भाडं

आता मुख्य हिशोब. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा तुमच्या गॅरेजचा महिन्याचा खर्च, म्हणजे जागेचं भाडं, पगार, वीज, हप्ते मिळून १,५०,००० रुपये आहे. महिन्यात कामाचे दिवस २५. म्हणजे रोजचे ६,०००. गाड्या लावायला तीन जागा असतील तर एका जागेचे रोजचे २,००० रुपये. गाडीवर काम चालू असो वा ती धूळ खात उभी असो, ते २,००० जातातच.

चेनच्या कामाचं लेबर तुम्ही ४५,००० ठरवलं. सहा दिवसांत गाडी बाहेर गेली तर जागेचा खर्च १२,०००, तुमच्याकडे राहिले ३३,०००. हेच काम २० दिवस चाललं तर जागेचे ४०,००० गेले आणि हातात आले ५,०००. काम तेच, मेहनत तीच. मधले चौदा दिवस बहुतेक वेळा कशात जातात? एक सील चुकीचं आलं. बोल्ट मागवायचे राहिले. मालक फोन उचलत नाही. मालकाने फोन उचलला, पण "भावाला विचारून सांगतो". पाना हातात असतो आणि फिरवायला काही नसतं.

म्हणून गाडी खोलण्याआधी यादी पूर्ण झालेली हवी. दोन्ही वरच्या चेन, गाईड, टेन्शनर, गॅस्केट हे किटमध्ये येईल. त्याशिवाय गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील, कारण एवढं उघडून जुनं सील परत बसवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. या इंजिनातले बरेच बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कवर आणि मग ठरलेल्या अंशात फिरवून आवळायचे असतात. ते ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात, म्हणून नवे मागवा. तेल, कूलंट, फिल्टर. आणि ऑर्डर देताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. चेसिस नंबरचे शेवटचे सात अक्षर-अंक द्या, नेमका पार्ट त्यावरून निघतो. एकाच वर्षाच्या दोन ३२०डीमध्येही फरक निघतो.

टायमिंगचं टूल किट हा वेगळा विषय. क्रँक आणि कॅम ठरलेल्या जागी लॉक करणाऱ्या पिना आणि पट्ट्या त्यात असतात. खुणा मारून, अंदाजाने हे इंजिन जुळवणारे भेटतील तुम्हाला. त्यांच्या नादी लागू नका. वर्षातून असं एखादंच काम येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: किट घेऊ नका, काम ओळखीच्या स्पेशालिस्टकडे पाठवा, तपासणीची फी आणि गिऱ्हाईक आपल्याकडे ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

एस्टिमेटमध्ये 'जर' लिहा

या इंजिनाची खरी मेख खोलल्यावर कळते. बऱ्याच एन४७ मध्ये चेनचं खालचं स्प्रॉकेट क्रँकशाफ्टचाच भाग असतं, वेगळं निघत नाही. त्याचे दात झिजलेले निघाले तर नवी चेन त्यावर घालणं म्हणजे नवी चेन खराब करणं. मग क्रँकशाफ्ट बदलायचा, म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं. हे गाडी आत घेताना कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

तेव्हा "चेनचं काम, अंदाजे अमुक" असं एका ओळीचं एस्टिमेट देऊ नका. तीन टप्पे लिहा. उघडून बघण्याचे इतके. स्प्रॉकेट चांगलं असेल तर चेनच्या कामाचे इतके. स्प्रॉकेट गेलं असेल तर काम थांबेल, फोटो पाठवले जातील आणि नवा आकडा ठरेल. सगळ्यात महत्त्वाची ओळ चौथी: उघडल्यावर मालक नको म्हणाला तर उघडण्याचे पैसे द्यावे लागतील, आणि पुन्हा जोडून हवी असेल तर जोडण्याचे वेगळे. यावर सही घ्या. पार्टचे पूर्ण पैसे आधी घ्या. मालकाची गाडी दुरुस्त करायला तुमचं भांडवल कशाला घालता?

स्प्रॉकेट गेलेलं निघालं की कोणीतरी "सेकंड हँड इंजिन टाकून देऊ" म्हणतोच. करता येतं. पण त्या इंजिनाच्याही मागे हीच चेन आहे आणि ती किती चालली आहे ते विकणारा सांगणार नाही. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती जबाबदारी मालकाची आहे हे कागदावर हवं. आणि कधीकधी सरळ सांगावं लागतं, "साहेब, गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च करू नका." तपासणीची फी घेतलेली असली की हे सांगणं सोपं जातं.

पैशाच्या वसुलीबद्दल एक कायदा माहीत ठेवा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० सांगतं की ज्या वस्तूवर तुम्ही ठरल्याप्रमाणे श्रम आणि कौशल्य खर्च केलं, ती तुमचा मोबदला मिळेपर्यंत तुम्ही ताब्यात ठेवू शकता, वेगळा करार नसेल तर. त्याच कलमात शिंप्याचं उदाहरण आहे: कोट शिवून होताच देईन आणि पैशाला तीन महिने थांबेन असं कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. आता तुमच्या तोंडचं वाक्य आठवा, "घेऊन जा साहेब, पुढच्या महिन्यात द्या." ते बोललात की गाडी अडवायचा हक्क तुम्हीच सोडलात. आणि हा हक्क त्याच कामाच्या पैशापुरता आहे; मागच्या वर्षीच्या क्लचची उधारी यात धरू नका.

जोडणी झाल्यावर इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवून लॉकिंग पिना परत बसतात का बघा. बसल्या नाहीत तर पुन्हा सुरुवात. इथे घाई केली तर सेल्फ मारताना सगळं वसूल होतं. हे झाल्याचा फोटो तारखेसह ठेवा. जुनी चेन आणि गाईड डब्यात घालून मालकाच्या हातात द्या. तुटका गाईड बघितला की बिलावर वाद कमी होतो. वॉरंटी लिहून द्या, पार्टची वेगळी आणि लेबरची वेगळी. साधारण ५०० किलोमीटरनंतर एकदा गळती आणि आवाज तपासायला बोलवा, आणि पुढचं ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घालायचं, शक्यतो लवकर बदलायचं, हे बिलावरच लिहा.

टूल किट विकत घ्यावं की काम बाहेर द्यावं, हा हिशोब पुढच्या व्हिडिओत आकड्यांसह मांडू. तोपर्यंत तुमच्या एका जागेचा रोजचा खर्च काढून ठेवा, तिथे तो लागणार आहे. गॅरेज अजून टाकलं नसेल तर ज्या जागेचं भाडं विचारून आलात, तिच्यावरून काढा.