थेंब काचेला टेकण्याआधी

फवाऱ्यातला थेंब ओला राहून काचेपर्यंत पोचला, की काचेवर बसणारी पातळ फिल्म बिघडलीच. नाशिकच्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये स्प्रे पायरोलिसिसच्या यंत्रासमोर उभं राहिलं, की आधी हेच लक्षात ठेवावं लागतं.

यंत्र दिसायला साधं आहे. खाली हॉट प्लेट, तिच्यावर घासून-धुऊन चकचकीत केलेल्या काचपट्ट्या आणि फूटभर उंचीवर काचेचं नोझल. कॅडमियम क्लोराइड आणि थायोयुरिया डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलेले असतात. पहिल्याकडून धातू येतो, दुसऱ्याकडून गंधक. थायोयुरिया थोडा जास्तच घेतात, कारण तापलेल्या प्लेटवर गंधक उडून जातं. कॉम्प्रेसरच्या हवेने या द्रावणाचं धुकं होऊन खाली उतरतं आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढतो. चेंबरलिन आणि स्कारमन यांनी 1966 साली ही पद्धत जगापुढे मांडली. निर्वात पंप नाही, महागडी भट्टी नाही. त्यामुळे बेताच्या पैशांत चालणाऱ्या लॅबलाही ती परवडते.

पण खरं काम होतं ते काचेच्या वरच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये. व्हिगिए आणि स्पिट्झ यांनी 1975 साली थेंबाच्या चार गती सांगितल्या. प्लेट थंड असेल तर थेंब काचेवर पडून तिथेच सुकतो आणि डाग राहतो. थोडं तापमान वाढलं की पाणी वाटेतच उडतं आणि कोरडा कण काचेवर आदळतो. आणखी वाढलं की त्या कणाचीही वाफ होते, ती काचेपाशी पोचते आणि अभिक्रिया थेट पृष्ठभागावर घडते. रासायनिक वाफेतून फिल्म बसवणं म्हणतात ते हेच. त्याहून जास्त तापवलं तर सगळं हवेतच उरकतं आणि काचेवर नुसती भुकटी पडते. टिश्यूने पुसली की निघून येते.

तिसरी गती साधायची, तर नुसत्या मीटरवर विसंबून चालत नाही. कंट्रोलर 300 ते 400 अंशांच्या मधला जो आकडा दाखवतो तो प्लेटचा. काचेचा वरचा पृष्ठभाग त्याहून थंड असतो, आणि फवारा पडला की आणखी गार होतो. म्हणून थोडं फवारायचं, थांबायचं, प्लेट पुन्हा तापू द्यायची. पीएचडी करणारी ताई शेजारी उभी असते, नॉब एमएस्सीच्या मुलाच्या हातात.

“ताई, चर्र वाजतंय.”

“थांबव लगेच. प्लेट उतरलीय.”

तो आवाज ओल्या थेंबाचा. फवारा नीट चालला असेल तर असं काही ऐकू येत नाही. फक्त फ्यूम हूडमध्ये पांढरा धूर वर चढत राहतो. हा धूर नवसागराचा, म्हणजे अमोनियम क्लोराइडचा. क्लोराइड आणि थायोयुरिया यांच्या अभिक्रियेतून तो सुटतो. ज्यांनी भांड्यांना कल्हई लावताना पाहिलं आहे, त्यांना तो बघताक्षणी ओळखू येईल. तिथेही तापल्या भांड्यावर टाकलेला नवसागरच धुरावतो.

काच पार गार झाल्यावरच उचलायची, घाई केली की तडकते. मग ती खिडकीशी धरून पाहतात. प्रकाशाचा ठिपका आरपार दिसला तर सुईच्या टोकाएवढं भोक राहिलंय. पिवळा रंग येतो तो 2.42 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या बँड गॅपमुळे: निळा प्रकाश फिल्ममध्ये शोषला जातो, बाकीचा पलीकडे जातो. जाडी काढायची तर आधीचं आणि नंतरचं वजन पुरतं. साडेसात बाय अडीच सेंटिमीटरच्या पट्टीवर 0.3 मायक्रॉनचा थर बसला, तर वजन वाढतं जेमतेम पावणेतीन मिलिग्रॅम. त्यासाठी तराजूचं दार लावून, पंखा बंद करून, आकडा स्थिर होईपर्यंत हात बांधून बसायचं.

या कामाला ‘गरिबांची पद्धत’ म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तिकडे मोठ्या संस्थांत क्वार्ट्झच्या नळीत गंधकाची वाफ सोडून मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा 0.65 नॅनोमीटर जाडीचा एकच थर वाढवतात. ते काम थोर आहेच. पण सल्फाइडच्या फिल्म्समध्ये महाराष्ट्राने नाव कमावलं ते साध्या साधनांवर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी वाफेऐवजी काचपट्ट्या थेट द्रावणात बुडवून हे थर बसवले. पठाण आणि लोखंडे यांचा 2004 सालचा या विषयावरचा आढावा जगभरचे संशोधक आजही संदर्भाला घेतात.

कॅडमियम विषारी, कर्करोगकारक. म्हणून ग्लोव्हज, मास्क, हूड यांत सवलत नाही आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते लेबल लावलेल्या कॅनमध्येच जमा होतं. कॅडमियमऐवजी कथिलाचा सल्फाइड वापरून पाहणंही त्यामुळेच निकडीचं आहे. तो तपकिरी, बिनविषारी, ऊन शोषायला फार चांगला, पण हट्टी. तापमान जरा हललं की एकाच फिल्ममध्ये कथिलाचे दोन-तीन वेगळे सल्फाइड मिसळून येतात, आणि कोणता किती ते एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख हाती आल्याशिवाय कळत नाही.